काटा मारणारं घड्याळ

कापूस विकणाऱ्या माणसाला 'काटा मारणं' म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. गाठोडं काट्यावर चढतं, व्यापाऱ्याचा माणूस वजन पुकारतो, आपण मान हलवतो, आणि घरी आल्यावर हिशोब लागत नाही. आमच्या पारोळा-अमळनेरकडची म्हातारी माणसं तर विक्रीला निघण्याआधी घरच्या काट्यावर कापूस मोजून न्यायची. तिथे मोजलं की फरक कळायचा. भांडण व्हायचं, कधी दोन किलो परत मिळायचे, कधी शिव्या मिळायच्या. पण भांडायला जागा होती. कारण व्यापाऱ्याच्या काट्याला सरकारचा शिक्का लागतो. वैधमापन खात्याचा निरीक्षक येतो, काटा तपासतो, मुदत टाकून शिक्का मारतो. निरीक्षक किती वेळा येतो आणि आल्यावर चहा घेऊन कधी जातो, ते सोडा. कायदा आहे, शिक्का आहे, खोटा निघाला तर दंड आहे.

आता आमच्या मनगटावर एक नवीन काटा आला आहे. त्याला शिक्का नाही, निरीक्षक नाही. खरं तर ह्या घड्याळाला काटेच नाहीत, नुसते आकडे आहेत. तरी ते काटा मारतं. आणि मारतं तेही निवडून, माणूस बघून.

तुम्ही दिवसभरात किती पावलं चाललात ते सांगणारी ही घड्याळं आता फक्त पुण्या-मुंबईत राहिली नाहीत. आमच्या गावात पानटपरीवर बसणाऱ्या पोरांच्या हातात आहेत. साखरपुड्यात नवरदेवाला देतात. माझ्या लेकानं दोन वर्षांपूर्वी दिवाळीला पुण्याहून दोन आणली, एक मला, एक त्याच्या आईला. खोक्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की दिवसभराच्या हालचालीचा अचूक हिशोब हे घड्याळ ठेवतं. मी दहावीपर्यंत शिकलो, तेवढं इंग्रजी लागतं मला. 'अचूक' हा शब्द मी दोनदा वाचला. शेतकऱ्याला अचूक म्हटलं की संशय येतो. हवामानवाले सांगतात, बियाणंवाले सांगतात, सगळे अचूकच सांगतात.

आधी ते चालतं कसं ते सांगतो. माझा पुतण्या धुळ्याला इंजिनियरिंग शिकला, त्यानं मला नीट समजावलं. घड्याळाच्या पोटात तांदळाच्या कणीएवढं एक यंत्र असतं. ते हिसका मोजतं. पुढे-मागे, वर-खाली, डावीकडे-उजवीकडे, अशा तीन दिशांचा हिसका. माणूस मोकळ्या हातांनी चालतो तेव्हा हात लयीत झुलतो. झोका गेला, आला, गेला, आला. त्या लयीवरून घड्याळ अंदाज बांधतं की पाऊल पडलं असेल. एकच हिसका बसला तर ते मोजत नाही. बरीचशी घड्याळं आठ-दहा पावलं एका लयीत पडेपर्यंत गप्प बसतात, मग मोजायला लागतात. म्हणजे पाऊल ते पाहतच नाही. पाऊल पडतं जमिनीवर, घड्याळ आहे मनगटावर. शेजाऱ्याच्या घरातून भांड्यांचा आवाज आला म्हणजे स्वयंपाक झाला असेल, तसला हा अंदाज.

अंदाज वाईट नसतो. आम्ही शेतकरी अंदाजावरच जगतो. उभं पीक बघून एकरी किती उतरेल ते सांगतो. पण आम्ही त्याला अंदाज म्हणतो. तीन हजार एकशे बेचाळीस असं शेवटच्या पावलापर्यंत सांगत नाही.

मी घड्याळ तपासायचं ठरवलं. घरच्या काट्यावर कापूस मोजावा तसं. गावाबाहेरून धुळे-जळगाव हायवे जातो. त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड आहेत. सकाळी सहा वाजता, रहदारी कमी असते तेव्हा, एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत मोकळ्या हातांनी चाललो, तोंडानं मोजत. माझी १,४२० पावलं झाली. घड्याळात १,३९८. शाबास म्हटलं. बावीस पावलांचा फरक म्हणजे काहीच नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण उगाच कुणाचं वाईट बोलायचं नाही. मोकळ्या हातानं, सपाट रस्त्यावर, एका चालीनं चालणाऱ्या माणसाचं काम हे घड्याळ बरं करतं.

पण मोकळ्या हातानं चालतो कोण? आमच्या गावात निवृत्त झालेले दोन मास्तर चालतात आणि एक बँकेतून निवृत्त झालेले साहेब. बाकी ज्याला त्याला विचारा, चालताना हातात काय असतं. कुणाच्या हातात रुमणं, कुणाच्या डोक्यावर चाऱ्याचा भारा, कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या हातात फवारणीच्या पंपाचा दांडा.

कपाशीत कोळपणी चालू होती तेव्हा मी घड्याळ घालून शेतात गेलो. हा हिशोब तुम्हीही करून बघा, पावकी-निमकी आली तरी पुरे. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. कपाशीच्या दोन ओळींत चार फूट अंतर. तीन एकरांचं क्षेत्र चारानं भागा, ३२,६७० फूट येतात. म्हणजे प्रत्येक ओळीतून कोळपं एकदाच फिरवलं तरी बैलांमागे जवळजवळ दहा किलोमीटर चालणं होतं. आऊत वळवताना फिरावं लागतं ते वेगळं. भुसभुशीत जमिनीत, बैलांच्या चालीनं, माझं पाऊल दोन फुटांच्या वर पडत नाही. दोनानं भागा. सोळा हजारांच्या वर पावलं झाली. शेत माझं, ओळी मी मोजलेल्या, हद्दीचे दगड सरकारी मोजणीचे. ह्यात अंदाज कुठे आहे?

दुपारी आऊत सोडलं. घड्याळात साडेसहा हजार.

साडेनऊ हजार पावलं कुठे गेली? माझा डावा हात रुमण्यावर दाबून धरलेला होता. तो झुलला नाही. घड्याळाच्या लेखी झुलला नाही तो हात चालला नाही. कापसाच्या व्यापाऱ्यानं क्विंटलमागे साठ किलो कापले असते तर आख्खं गाव मार्केट यार्डात गेलं असतं.

माझी बहीण रावेर तालुक्यात दिली आहे. केळीचा मुलूख. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपरात फोटो आले होते, घडांचे आणि पुढाऱ्यांचे. ते घड बागेतून गाडीपर्यंत नेणाऱ्या माणसांचे आले नाहीत. घड डोक्यावर किंवा खांद्यावर घेतात, दोन्ही हात वर करून धरतात, आणि चिखलातून, पानांतून, पाटाच्या कडेकडेनं जातात. माल जपून न्यावा लागतो, घासला तर काळा पडतो आणि भाव पडतो. म्हणून हात जराही हलवायचा नाही. मी तिथल्या एका पोराच्या हातात घड्याळ बांधलं आणि त्याच्या मागून चालत शंभर पावलं मोजली. घड्याळानं एकोणतीस धरली. तो पोऱ्या हसला. म्हणाला, "काका, ह्याला मुकादम केलं तर आमची चूल पेटणार नाही."

आता दुसरी बाजू. घरी आमच्या सूनबाईंनी चुलीपुढे बसून कळण्याच्या सात भाकरी थापल्या. बसून. घड्याळात अडीचशेच्या आसपास पावलं वाढली. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, घरात मांडे झाले. मांडा करताना बाई पुरणाची पोळी दोन्ही हातांवर झुलवत झुलवत मोठी करते आणि उलट्या खापरावर टाकते. ज्यांनी बघितलं नाही त्यांनी एकदा खान्देशात येऊन बघावं, आणि खावंही. ते झुलवणं घड्याळाला फार आवडलं. जागेवरून न हलता माणूस अर्धा कोस चालून आला. मोटारसायकलवर खड्ड्यांच्या रस्त्यानं आलो तर तेही चालण्यात धरलं. सार्वजनिक बांधकाम खात्यामुळे माझी तब्येत सुधारते आहे असं त्या दिवशी घड्याळाचं मत पडलं.

इथपर्यंत हसण्यावारी नेता येतं. पोरांच्या आईच्या बाबतीत जे झालं ते हसण्यावारी नेता येत नाही.

तिला सात-आठ वर्षांपासून साखरेचा त्रास आहे. गोळ्या चालू आहेत. वय एकसष्ट. पण घरी बसत नाही. निंदणीला असते, वेचणीला असते, मजुरांच्या पुढे असते. निंदताना बाई उकिडवी बसून सरकते, एका हातात विळा. सकाळी आठपासून ओळ धरली तर दुपारपर्यंत तिच्या मांड्यांची काय दशा होते ते तिलाच माहीत. घड्याळाच्या हिशोबी ती बसलेली आहे. वेचणीत कमरेला ओटी बांधलेली, दोन पावलं पुढे, थांबली, चार बोंडं वेचली, एक पाऊल, थांबली. आठ-दहा पावलांची लय कधी लागतच नाही. ओटी भरली की गाठोड्यापर्यंत जायचं, तेव्हा दोन्ही हातांनी ओटी धरलेली. दिवसभर राबून संध्याकाळी घड्याळात तीन हजार, कधी एकतीसशे.

तालुक्याला एका डॉक्टरांकडे तिला नेत असू. त्यांनी मोबाईलमध्ये तिचा महिन्याचा आकडा बघितला. चांगला तरुण माणूस, वाईट हेतू नव्हता. म्हणाले, "काकू, तुमचं चालणं फार कमी आहे. दहा हजार व्हायला पाहिजेत." तिनं मान खाली घातली. पन्नास वर्षं शेतात घालवलेल्या बाईला कुणी आळशी म्हणावं, आणि तिनं ते ऐकून घ्यावं, हे मी समोर बसून बघितलं. घरी आल्यावर ती मला म्हणाली, "दिनभर शेतमा राबस, आनि हाई घड्याळ माले आयशी म्हनस. मना पायसले इचारा ना."

पायांना विचारलं कुणीच नाही. दुसऱ्या दिवसापासून ती रात्री जेवण झाल्यावर हायवेच्या कडेनं चालायला जायला लागली. आकडा पुरा करायला. गावात रात्रीचं चालायला दुसरी जागा कुठे आहे? गल्लीत कुत्री आणि चिखल, शेतरस्त्यावर साप. हायवेला चौपदरी झाल्यापासून कंटेनर इतक्या जोरात जातात की वाऱ्यानं लुगड्याचा पदर उडतो. मी सोबत जायचो, बॅटरी घेऊन. पाच-सहा हजारांवर आलं की तिचे पाय बोलायला लागायचे. तरी चालायची. तीन आठवड्यांत उजवा गुडघा फुगला. मग धुळ्याला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी घड्याळाकडे बघितलंच नाही. विचारलं, "दिवसभर काय काम करता?" तिनं सांगितलं. त्यांनी तळपाय बघितले, गुडघा दाबून बघितला आणि रात्रीचं चालणं बंद करायला सांगितलं. म्हणाले, तुम्हाला जास्त चालण्याची नाही, उकिडवं बसणं कमी करण्याची गरज आहे.

औषधाचे आणि सुईचे पैसे गेले, त्याचं काही नाही. ऐन वेचणीत ती पंधरा दिवस खाटेवर होती, तेही सोडा. पण तिनं स्वतःच्या थकलेल्या अंगावर विश्वास न ठेवता त्या पट्टीवर ठेवला, हे मला अजून टोचतं. अंग दुखत होतं, घड्याळ म्हणत होतं तू काही केलं नाहीस, आणि तिला वाटलं घड्याळच खरं असेल, कारण ते लेकानं पैसे देऊन आणलेलं आणि डॉक्टरांनी मानलेलं.

आणि हे दहा हजार आले कुठून? मला वाटलं होतं मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी बसून काढले असतील. पुतण्यानं शोधून दिलं. १९६४ मध्ये टोकियोला ऑलिंपिक झालं. जपानात व्यायामाचं वारं सुटलं. १९६५ मध्ये तिथल्या यामासा नावाच्या कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं, त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा गोल, बोलायला सोपा, विकायला सोपा. पुढे तो जगभर पसरला. म्हणजे ज्या आकड्यासाठी एक बाई रात्री हायवेवर गुडघा फोडून घेत होती तो यंत्र विकण्यासाठी ठेवलेल्या नावातून आला होता. साबणाच्या जाहिरातीतल्यासारखा.

पुढे अमेरिकेत हार्वर्डच्या आय-मिन ली नावाच्या बाईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी म्हाताऱ्या बायकांवर खरा अभ्यास केला, तो २०१९ मध्ये छापून आला. सोळा हजारांवर बायका, सरासरी वय ७२. त्यात दिसलं की दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्या बायकांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या पुढे जास्त चालून आणखी फरक दिसला नाही. आणि ह्या बायकांना यंत्र लावलं होतं ते मनगटावर नाही, कमरेला. ज्यांना खरोखर मोजायचं होतं त्यांनी यंत्र कुठे बांधलं बघा. चालताना कंबर हलल्याशिवाय राहत नाही, हातात काहीही असो. पँटच्या खिशातला मोबाईलसुद्धा ह्याच कारणानं मनगटातल्या घड्याळापेक्षा बरा मोजतो. मी माझ्या मोबाईलवर बघितलं. पण लुगड्याला आणि साडीला खिसा कुठे असतो? ज्यांनी हे सगळं बनवलं त्यांच्या डोळ्यांपुढे कोण होतं ते एवढ्यावरून कळतं.

पावलं मोजणं ही काही नवीन विद्या नाही. इंग्रजांच्या काळात कुमाऊंचे नैनसिंग रावत हे पंडित तिबेटात वेषांतर करून गेले. परक्याला तिथे बंदी. मोजणीची साखळी दाखवता येत नव्हती. त्यांना डेहराडूनला एकाच लांबीचं पाऊल टाकायचं शिक्षण दिलं होतं. चढ असो, उतार असो, पाऊल तेवढंच. हातात जपमाळ, पण १०८ मण्यांच्या ऐवजी १०० मण्यांची. शंभर पावलं झाली की एक मणी सरकवायचा. एक माळ पुरी झाली की दहा हजार पावलं. पुन्हा तोच आकडा, पण इथे तो विकायला नव्हता, मोजायला होता. १८६६ मध्ये ते ल्हासाला पोचले, आणि त्या पावलांवरून साहेबांनी नकाशा काढला. दीडशे वर्षांपूर्वी एका माणसानं जपमाळेवर जे साधलं ते रुमण्यावरच्या मनगटात बांधलेल्या यंत्राला साधत नाही, कारण नैनसिंगांना आपलं पाऊल माहीत होतं. घड्याळाला माझं पाऊल माहीत नाही. त्याला पुण्याच्या बागेत फिरणाऱ्या कुणाचा तरी हात माहीत आहे.

पुतण्या माझ्याशी भांडतो. त्याचं म्हणणंही मांडतो, नाहीतर म्हणाल म्हाताऱ्यानं एकतर्फी लिहिलं. तो म्हणतो, "आप्पा, आकडा तंतोतंत नसतो हे सगळ्यांना माहीत आहे. कालच्यापेक्षा आज जास्त चाललो का कमी, एवढं बघायचं. चूक रोज सारखीच असेल तर तुलना बरोबर येते." बोलणं हुशारीचं आहे. ज्याचा रोजचा दिवस सारखा, घर, ऑफिस, बाग, त्याच्यासाठी खरंही असेल. पण शेतकऱ्याचा दिवस सारखा असतो का? मृगात पेरणी, आषाढ-श्रावणात निंदणी-कोळपणी, दसरा-दिवाळीत वेचणी, चैत्रात जरा उसंत, त्यात लग्नं. दर महिन्याला हाताचं काम बदलतं, म्हणून दर महिन्याला चूकही बदलते. माझ्या घड्याळातला वर्षाचा आलेख बघितला तर मी चैत्र-वैशाखात, म्हणजे लग्नांत हात हलवत फिरतो तेव्हा, सगळ्यात कष्टाळू दिसतो. आणि कोळपणीच्या महिन्यात आळशी. वर्षभराचं उलटं पंचांग. तुलनासुद्धा खोटीच निघते.

आणि एक ऐकवतात, की थोडं इकडे जास्त, थोडं तिकडे कमी, बेरीज जुळून जाते. कापसाच्या काट्यावर हे चालेल का? माझं दहा किलो कमी मोजलं, शेजाऱ्याचं दहा जास्त मोजलं, गावाची बेरीज बरोबर आली, आता घरी जा!

मी ह्यावर एवढं का चिडतो, असं लेक विचारतो. "आवडत नसेल तर काढून ठेवा, बाबा." मी काढून ठेवलंच आहे. पण गोष्ट तिथे संपत नाही. आरोग्य विम्यात दिवसाला इतकी पावलं चाललात तर हप्त्यात सवलत, अशा योजना आपल्या देशात आल्या आहेत. म्हणजे पावलाला आता पैसा लागला. जिथे पैसा लागतो तिथे मोजमाप हा वजनकाटाच होतो. मग बागेत फिरणाऱ्याला सवलत, आणि केळीचा घड वाहणाऱ्याला पूर्ण हप्ता? लबाडी करणाऱ्यांचं तर वेगळंच. चीनमध्ये मोबाईल झुलवत ठेवायचे छोटे पाळणे विकतात, बसल्या जागी पावलं वाढवायला. आपल्याकडे पाळणा सापडणं काही कठीण नाही.

नागपूर महापालिकेनं सफाई कामगारांच्या मनगटाला जीपीएसची घड्याळं बांधली. चंदीगडलाही बांधली, तिथे कामगारांनी विरोध केला. ती घड्याळं ठिकाण मोजतात, पावलं नाही, हे मला माहीत आहे. पण वाट तीच आहे. आधी ठिकाण, मग हालचाल, मग पगार. उद्या ठेकेदार मजुराच्या हातात पट्टी बांधून म्हणेल, तू आज चार हजारच हललास, हाजरी अर्धी. त्या वेळी मजूर कुणाला सांगेल की मी डोक्यावर टोपली धरली होती?

हे मी उगाच भीती घालत नाही. १९७२ चा दुष्काळ मी बारा वर्षांचा असताना बघितला. आई खडी फोडायच्या कामावर जायची. फोडलेल्या खडीचा ढीग लावायचा, मोजणारा यायचा, टेप लावायचा आणि ब्रासवर पैसे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ढीग नीट चौकोनी रचला नसेल तर कोपरे कापायचा. ढीग बसला असेल तर उंची कमी धरायचा. दगड लांबून डोक्यावर आणावा लागला, वर ऊन होतं, बाई दोन जिवांची होती, ह्यातलं काही टेपला लागत नव्हतं. मोजणारा ढीग मोजायचा, कारण ढीग मोजायला सोपा होता. आईच्या फेऱ्या कुणी मोजल्या नाहीत. संध्याकाळी ती बोटांवर हिशोब करायची आणि तो मोजणाऱ्याच्या हिशोबाशी कधीच जुळायचा नाही. शिकलेला तो होता, म्हणून त्याचा खरा.

पन्नास वर्षांनी तीच गोष्ट माझ्या घरात सुनेच्या मनगटावर आली. माझ्या आईच्या सुनेच्या, म्हणजे पोरांच्या आईच्या. फरक एवढाच की त्या मोजणाऱ्याला समोर उभं राहून दोन शब्द ऐकवता येत होते.

१९८० च्या डिसेंबरात जळगावहून नागपूरला शेतकऱ्यांची दिंडी निघाली होती. चारशे किलोमीटरच्या वरचा पल्ला. मी वीस वर्षांचा होतो, पहिले दोन दिवस चाललो. आमच्या मुक्ताईची पालखी दर आषाढीला पंढरपूरला जाते, महिन्याच्या वर चालतात माणसं, डोक्यावर तुळस, हातात टाळ नाहीतर पताका. टाळ वाजवणाऱ्याची पावलं हे घड्याळ दुप्पट मोजेल आणि तुळशीवालीची अर्धी, दोघं एका ओळीत चालत असताना. मला त्यात देवाचं काही म्हणायचं नाही. मी फक्त हिशोबाचं बोलतो आहे.

कंपन्यांना माझं सांगणं एवढंच आहे. आम्ही बियाण्याची पिशवी घेतो तेव्हा तिच्यावर उगवणशक्ती छापलेली असते. १९६६ च्या बियाणे कायद्यानं छापावी लागते. संकरित कपाशीला किमान ७५ टक्के. शंभरातले पंचवीस दाणे उगवणार नाहीत हे विकणारा आधीच लिहून देतो, आणि आम्ही तरीही घेतो. कुणी त्याला लबाड म्हणत नाही. तसंच ह्या घड्याळाच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत, मराठीत छापा. हात मोकळे असतील तर शंभरात इतकी पावलं चुकतात. हातात ओझं असेल तर इतकी. डोक्यावर ओझं असेल तर इतकी. उकिडवं बसून काम केलं तर काहीच धरत नाही. भाकरी थापली तर फुकटची धरतो. आत्ता आत घडी घातलेल्या कागदावर मुंगीच्या अक्षरात 'हे वैद्यकीय उपकरण नाही' असं लिहून मोकळे होता, आणि बाहेर 'अचूक' लिहिता.

आणि विमावाल्यांनी किंवा कुठल्या साहेबानं ह्या आकड्यावर एक रुपया जरी द्यायचा-घ्यायचा ठरवला, तर व्यापाऱ्याच्या काट्याला लागतो तसा ह्यालाही शिक्का लागला पाहिजे. तपासायला निरीक्षकानं मोकळ्या मैदानात फिरू नये. आमच्याकडे यावं. कोळपणीच्या दिवसांत आला तर बैल जुंपून देतो, ओळी मोजून देतो, हद्दीचे दगड दाखवतो. वेचणीत आला तर पोरांची आई कमरेला ओटी बांधून देईल. जेवण आमच्याकडे, वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी. भाकरी थापताना घड्याळ काढून ठेवायला सांगू.